जहाजावरचा माळी

उगमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुठलाही वाक्प्रचार कानावर पडला की त्याचा उगम सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे, म्हणून मंडळींनी हे नाव त्यांना चिकटवलं. जागाही चिकटवण्याचीच होती, बाइंडरच्या दुकानातली.

दर रविवारी सकाळी तिथे रहस्यकथांच्या भक्तांची बैठक भरे. भक्त तीन: उगमराव, दातांचे डॉक्टर आणि शिवणक्लासवाल्या काकू. बाइंडर चौथा, पण तो पुस्तकं वाचत नसे, फक्त शिवत असे. बसायला कागदांचे गठ्ठे होते आणि खिडकीशी, पंख्याखाली, एकच वेताची खुर्ची. तिच्यावर उगमराव बसत. घरातल्या त्यांच्या खुर्चीवर बायको इस्त्रीचे कपडे रचून ठेवी. त्यामुळे पाठ टेकायला हक्काची जागा म्हणावी तर त्यांना जगात ही एवढीच होती.

त्या रविवारी ते ‘हातावर तुरी देणे’ समजावून सांगत होते.

“एक चोर होता. पहारेकऱ्याला म्हणाला, एवढ्या तुरी धरा, मी आलोच. पहारेकरी बिचारा अजून धरून उभा असेल.”

“मागच्या वेळी हा पहारेकरी सावकार होता,” डॉक्टर म्हणाले.

“पण चोर तोच होता,” काकूंनी उगमरावांची बाजू घेतली. “आणि तुरीही त्याच.”

डॉक्टर गठ्ठ्यावर चुळबुळले. “उगमराव, आठवडाभर मी लोकांना खुर्चीत बसवतो आणि स्वतः वाकून उभा राहतो. रविवारी तरी मला टेकू द्या.”

“खुर्ची मागून मिळत नसते, डॉक्टर. कर्तृत्व लागतं.”

इथे उगमरावांनी थांबायला हवं होतं. पण समोर नवी कोरी कादंबरी पडली होती, जहाजावरच्या खुनाची. प्रत एकच, वाचणारे तिघं, म्हणून बाइंडरनं शिवण उसवून तिचे तीन भाग केले होते. उगमरावांनी पहिला भाग उचलला आणि जाहीर करून टाकलं, “नुसता एवढा वाचून पुढच्या रविवारी खुनी सांगतो. चुकलो तर खुर्ची सोडली.”

“आणि आम्ही बरोबर सांगितला तर?” काकूंनी विचारलं.

“तर खुशाल बसा.”

पहिला भाग आळीपाळीनं तिघांकडे फिरला. उरलेले दोन्ही भाग बाइंडरकडे राहिले.

तो भाग वाचून उगमरावांची झोप उडाली. सकाळी त्यांना कप्तानाचा संशय आला, जेवताना आचाऱ्याचा, दुपारी दोन विधवांचा, आणि संध्याकाळी तर जो मेला होता त्याचाच.

“गेली म्हणायची खुर्ची,” कपड्यांच्या घड्या घालत बायको म्हणाली.

शुक्रवारी उगमराव जुना शब्दकोश बांधायला टाकण्याच्या निमित्तानं दुकानात गेले. बाइंडर दोरा आणायला बाहेर गेला होता. फळीवर शिवायच्या पानांचा, मुखपृष्ठ नसलेला एक सुटा फर्मा पडला होता, शेवटचं पान वर. उगमरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग चष्मा चढवला. ‘माळ्यानं कात्री खाली ठेवली आणि गुन्हा कबूल केला,’ एवढंच वाचलं आणि मांजराच्या पावलांनी घरी आले.

“माळी,” ते बायकोला म्हणाले.

“जहाजावर?”

“तेच तर लेखकाचं कसब. पहिल्या भागात त्याचा पत्ताच लागू दिलेला नाही.”

“अहो, तुम्ही तो भाग दोनदा वाचलात.”

“दोनदा वाचूनही सापडला नाही, म्हणजे बघ केवढा बिलंदर माळी आहे. कप्तानाच्या टेबलावर कुंडी आहे. तिला पाणी कोण घालतं?”

“आपल्याकडे तीन कुंड्या आहेत. माळी आलेला मी तरी पाहिला नाही.”

उगमरावांनी तिच्या अडाणीपणाला क्षमा केली.

रविवारी ते खुर्चीत ऐसपैस रेलले. “खुनी माळी आहे,” ते म्हणाले, आणि कुंडीचा पुरावा मांडला. आता हशा पिकणार, याची त्यांनी तयारी ठेवली होती. पण डॉक्टरांचा चेहरा अक्कलदाढ काढल्यासारखा झाला.

“माझंही तेच होतं,” डॉक्टर म्हणाले. “कुंडीवरूनच. शिवाय खून झाला तेव्हा माळी कुठे होता, हे कोणी विचारतच नाही.”

“मी तर शुक्रवारीच ठरवलं होतं,” काकू म्हणाल्या. “मढ्याच्या कोटाला चीर गेलीय ती साध्या कात्रीची नाही. झाडं छाटायच्या कात्रीची आहे. कात्रीतलं मला कळतं.”

“मी आधी बोललो.”

“आधी बोललात, पण आधी ओळखलं कोणी? मी गुरुवारीच,” डॉक्टर म्हणाले.

तिघांची जुंपली. माळ्याच्या चिखलाच्या पावलांपासून त्याच्या दुःखी बालपणापर्यंत सगळं निघालं. बाइंडर लेई ढवळत ऐकत होता.

“कुठला माळी?” शेवटी त्यानं विचारलं. “तो फळीवरचा?”

तिघांच्याही माना एकदम फळीकडे वळल्या.

“तो फर्मा बंगल्यातल्या खुनाचा. दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं पुस्तक आहे ते.” बाइंडरनं दाबयंत्राचा स्क्रू सैल केला आणि आतून जहाजाचा शेवट काढून दाखवला. “हा मी पहिल्या दिवसापासून दाबाखाली ठेवलाय. ओळखतो ना मी तुम्हाला.”

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. काकूंनी पदराचं टोक शिवण तपासल्यासारखं तपासलं. बाइंडरनं उगमरावांना हातानंच उठवलं आणि खुर्चीवर कागदांचा गठ्ठा ठेवला.

त्यानंतर कोणी न वाचता छातीठोक बोलू लागला की बैठकीत म्हणत, “माळी आणू नका.” डॉक्टरांकडून ते त्यांच्या रोग्यांकडे गेलं, काकूंकडून क्लासातल्या मुलींकडे. बघता बघता गावभर झालं.

पुढे बैठकीत एक निवृत्त न्यायाधीशबाई आल्या. आल्या त्या थेट गठ्ठा खाली ठेवून खुर्चीत बसल्या, आणि त्यांना उठवायची कोणाची छाती झाली नाही.

“उगमराव,” एकदा त्या म्हणाल्या, “हे ‘माळी आणणे’ आलं कुठून? भाजीवालीही परवा मला तेच म्हणाली. खरा उगम सांगा, ही खुर्ची तुमची. दर रविवारी.”

उगमरावांची पाठ शहारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या वाक्प्रचाराचा खरा उगम ठाऊक होता. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे, काकूंकडे. दोघंही छताकडे पाहत होते. बाइंडरनं लेई ढवळायची थांबवली.

“फार जुनी गोष्ट आहे,” उगमराव म्हणाले. “एका राजाची बाग होती...”

“बरोबर,” डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “मीही राजाच ऐकलाय.”

“राजाच होता तो,” काकू म्हणाल्या.

न्यायाधीशबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाठ नीट टेकली.

“साक्षीदार फारच एका सुरात बोलतायत,” त्या म्हणाल्या. “माळी आणू नका.”

उगमराव आपल्या गठ्ठ्यावर सरकून बसले, आणि डॉक्टरांना शेजारी थोडी जागा करून दिली.