नर्मदी चौथीत जाते

एक मे रोजी, निकालाच्या दिवशी सकाळी, इंगवले बाईंच्या गोष्टीतली नर्मदी पुस्तकातून उतरून त्यांच्या वडूजच्या घरी आली आणि म्हणाली, "बाई, मला चौथीत जायाचंय."

बाईंनी तिला आधी पाणी दिलं. एकतीस वर्षं शाळेत काढल्यावर निकालाच्या दिवशी दारात कोण उभं राहील, याचं त्यांना नवल उरलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी मुलांसाठी दरवर्षी एक अशी अकरा पुस्तकं लिहिली. अकराही पुस्तकांत नर्मदी तिसरीत होती आणि तिचं घोडं सतरा नव्वेपाशी अडायचं. वाचणारी पोरं तिथं हमखास हसायची, म्हणून बाई ते पुढं सरकूच द्यायच्या नाहीत.

"तुमच्या वर्गात कुणाला अकरा वर्सं बशिवलंत?" नर्मदीनं विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग?"

बाईंना घरात बोलायला ही एकटीच होती. ती गेल्यावर सकाळी लिहायला कशाला बसायचं? तरी चपला घालून, पुस्तकांची पिशवी घेऊन त्या तिला आपल्या जुन्या शाळेत घेऊन गेल्या.

क्लार्क देवकुळेनं रजिस्टर चाळलं. "बाई, हिचं नाव कुठंच नाही."

"पुस्तकात आहे."

"मग त्या पानाची झेरॉक्स जोडा. पण पाढा आल्याशिवाय वर चढवायचं नाही, हा नियम तुमचाच हाय. भिंतीवर अजून लावलाय."

नर्मदी हात बांधून उभी राहिली. सतरा आठे एकशे छत्तीसपर्यंत धडाधड आली आणि थांबली. बाईंनी लिहिलंच नव्हतं, तर पुढचं तिला येणार कुठून?

देवकुळेनं पेनाला टोपण लावलं. बाई गप्प बसल्या असत्या तर नर्मदी कायमची त्यांच्यापाशी राहिली असती. पण पिशवीतून अकराही पुस्तकं काढून त्यांनी प्रत्येकात लाल शाईनं दुरुस्ती केली. त्याला अर्धा तास लागला. देवकुळे थांबला.

"सतरा नव्वे एकशे त्रेपन्न," नर्मदी म्हणाली.

देवकुळेनं गोष्टीतली शाळा सोडल्याचा दाखला दिला. त्यावर वर्तणूक 'चांगली' आणि शाळा सोडण्याचं कारण 'पुढील शिक्षण' असं पडलं. नर्मदी बाईंच्या पाया पडली आणि मागं वळून न बघता फाटकाबाहेर गेली. बाई तिथंच बाकावर बसून रडल्या. देवकुळेनं पंखा वाढवला.

पुस्तकं अजून वाचली जातात. गोष्टीतल्या हजेरीत नर्मदीच्या नावापुढं आता कोरी जागा आहे. बाई रोज सकाळी ते पान उघडून सगळी नावं मोठ्यानं घेतात, आणि त्या जागेशी आल्या की स्वतःच "हजर" म्हणतात.