पहिल्या मातीचा मान

एका जंगलात, मुलांनो, हौशी बीळखोदकांचे एक मंडळ होते. राहायला बीळ प्रत्येकाकडे होतेच. त्यावर ही मंडळी आणखी खोदायची, ती निव्वळ आवडीने. कोणाला पत्ते खेळावेसे वाटतात, यांना माती उकरावीशी वाटे.

वर्षातून एकदा नदीकाठच्या मऊ उतारावर त्यांचे संमेलन भरे. सगळे मिळून एक भलेमोठे बीळ खोदत आणि धुळीने माखलेल्या अंगानेच भाकरी खायला बसत. त्या बिळाची पहिली माती उकरण्याचा मान दर वर्षी एकाला मिळे.

यंदा तो मान मंडळाचे सचिव सदोबा साळिंदर यांचा होता. त्यांचे वडील पाळीची वाट बघता बघता गेले होते. म्हणून सदोबांना हा मान फार हवा होता. झोपेतसुद्धा यांचे पंजे हलतात, असे त्यांची बायको सांगे.

मंडळाचे अध्यक्ष होते नागोबा. त्यांनी आयुष्यात एकही बीळ खोदले नव्हते, पण राहून पुष्कळ बिळांत झाले होते. शिवाय खोदणाऱ्यालाच अध्यक्ष केले तर खोदायचे कोणी?

यंदा नागोबा म्हणाले, नदीकाठ आता शोभत नाही. शेजारच्या जंगलातल्या पिसे जमवणाऱ्यांचे संमेलन हॉटेलात झाले, मग आपणच काय घोडे मारले आहे? हे सगळ्यांना पटले. हॉटेले बघायला नागोबा, सदोबा आणि खजिनदार यमुआक्का घूस असे तिघे निघाले.

पहिले हॉटेल रानडुकराचे होते. मागचे अंगण हवे तेवढे उकरा, मीही रोज उकरतो, असे तो म्हणाला. सदोबांनी माती हुंगून पाहिली. ओली, भुसभुशीत, मुळे कमी. त्यांना गहिवरून आले. पण जिथे मालकच उकरतो ते हॉटेल हलके, असे मत नागोबांनी दिले, आणि तिघे पुढे गेले.

दुसरे हॉटेल कातळावर होते. व्यवस्थापक मोराने स्वतः दारात येऊन गुलाबाचे सरबत दिले. दिवाणखाना दाखवला, गाद्या दाखवल्या, पडदे दाखवले.

"जमीन कशी आहे?" सदोबांनी विचारले.

"आरसाच म्हणा ना," मोर म्हणाला. "तोंड बघून घ्या."

सदोबांनी वाकून तोंड बघितले. यमुआक्कांनी दुसऱ्यांदा सरबत घेतले, आणि हॉटेल ठरले.

हॉटेलची अट एकच होती. फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून पाहुण्यांनी नखे कापून यावे. गाद्या फाटू नयेत म्हणून सदोबांनी उभ्याने झोपावे, अशी एक तोंडी विनंतीही होती. नागोबांनी अट जागच्या जागी मान्य केली. त्यांना नखे नव्हती.

सदोबा हळूच म्हणाले, "पण अध्यक्षसाहेब, पहिली माती?"

"व्यासपीठावर कुंडी ठेवू," नागोबा म्हणाले. "मान तुमचाच. तो कुठे पळतोय?"

घरी येऊन सदोबांनी नखे कापली. कापताना त्यांना रडू आले. पण मानासाठी माणसाला काहीतरी सोडावेच लागते, मग साळिंदराला का नको, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग ते सचिव म्हणून बिळोबिळी हिंडले. सदोबांनीच कापली म्हणजे काहीतरी विचार असेल, असे म्हणून उरलेल्यांनीही कापली.

संमेलन फार नेटके झाले. खोदकामावर तीन भाषणे झाली. जेवणात दोन गोड पदार्थ होते. मग कुंडी आली. सदोबा पुढे झाले आणि वडिलांची आठवण काढून त्यांनी मातीत पंजा घातला. पंजा घसरला. त्यांनी पुन्हा घातला, तो पुन्हा घसरला. तेव्हा मोराने चमचाभर माती काढून त्यांच्या पंजावर ठेवली, आणि टाळ्या वाजल्या. कोणाच्याही अंगाला धूळ लागली नाही, याचे सर्वांनी कौतुक केले. सदोबा पंजावरच्या मातीकडे बघत राहिले. तिला वास नव्हता.

सदोबा सहकुटुंब घरी परतले, तर बिळात नागोबा वेटोळे घालून बसले होते. ते समारोपाआधीच निघाले होते.

"दार उघडंच होतं," नागोबा म्हणाले. "तुमचं काय, तुम्ही दुसरं खोदाल."

सदोबांनी पंजे पुढे केले. नागोबांनी ते नीट पाहिले. त्यांना खरोखर वाईट वाटले.

"हा प्रश्न गंभीर आहे, सदोबा. पुढच्या वर्षी यावर परिसंवाद ठेवा. 'बिळे नाहीशी होत आहेत काय?' अध्यक्षस्थान मी स्वीकारीन."

बाहेर बाभळीखाली सदोबांची बायको पोरांना पोटाशी घेऊन बसली होती. सदोबांनी एकदा तिच्याकडे पाहिले. मग ते बिळाच्या तोंडाशी अदबीने वाकले.

"हॉटेल तेच घ्यायचं," त्यांनी विचारले, "की दुसरं बघू?"

तात्पर्य : मुलांनो, नखे वेळच्या वेळी कापत जा. नखे असली की खोदावे लागते. राहायला त्यांची गरज पडत नाही.