फक्त इस्त्री

मास्तरांची एक प्रतिज्ञा सगळ्या गल्लीला पाठ होती. "माझ्या दुकानातून वाकडी शिवण बाहेर पडली, तर त्या दिवशी मी कात्री खाली ठेवीन!" हे वाक्य ते गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेताना म्हणत, त्यामुळे गिऱ्हाइकाला हूं की चूं करता येत नसे. आणि खोटं कशाला बोला, कात्री खाली ठेवायची वेळ खरंच कधी आली नव्हती.

आता स्वतः मास्तर दुकानात जो सदरा घालून बसत, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं! मूळचा पांढरा. त्याची एक बाही इस्त्रीखाली जळाली, तेव्हा अस्तराचं काळं कापड हाताशी होतं, तेच लावून टाकलं. पोटावर मशीनच्या तेलाचे डाग, कॉलरला दशा. बायको रोज म्हणे, "अहो, एकदा धुवायला तरी टाका!" मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "हा घालायचा कपडा नाही, कामाचा कपडा आहे." कुठे डाग दिसला की त्या माउलीला जेवण जात नसे. पण या सदऱ्यापुढे तिनं हात टेकले होते.

शेजारच्या दुसऱ्या मशीनवर त्यांची लेक बसे. घरात तिला चिंगी म्हणत. शिवण बापाकडून शिकली आणि डोकं कुठून आणलं ते देव जाणे. महिनाभर रात्री दार लोटून तिनं कपडे शिवले होते. रोज रस्त्यावर घालून हिंडता येतील असे, पोरापोरींचे.

"रंग दोनच, बाबा! काळा आणि पांढरा. बाकी सगळी मजा शिवणीत."

मास्तरांना 'शिवणीत' एवढंच ऐकू आलं आणि त्यांची छाती फुगली.

एका मोठ्या दुकानाच्या बाई ते कपडे बघायला येणार होत्या. पसंत पडले तर चिंगीला काम मिळणार, नाही पडले तर ती दूरच्या शहरात कारखान्यात जाणार. तिथे दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायच्या. तसा तिनं शब्दही देऊन ठेवला होता.  तेव्हापासून दुसरं मशीन थांबलं की मास्तर चटकन मान वळवून बघत, पोरगी आहे ना म्हणून.

ज्या दिवशी बाई येणार, त्या दिवशी चिंगी सकाळीच त्यांना आणायला निघाली. निघताना म्हणाली, "बाबा, कपडे आत दोरीवर आहेत. फक्त इस्त्री करा. फक्त इस्त्री!"

"अगं, मला इस्त्री शिकवतेस?" मास्तर हसले.

ती गेली. मास्तरांनी पहिलं जाकीट दोरीवरून काढलं आणि उजेडात धरलं. एक बाही काळी, एक पांढरी! दुसरं घेतलं. तेही तसंच, फक्त उलट. जीन्सचे दोन्ही गुडघे फाटलेले. खिसा तिरका. पांढऱ्या हुडीवर काळ्या रंगाचे शिंतोडे. एका शर्टाच्या तर शिवणीच बाहेरून, दोरे लोंबतायत!

"अगं, इकडे ये!" मास्तर ओरडले. "पोरीची गडबड झालीय. बाह्यांची अदलाबदल झाली."

बायकोनं हुडी बघितली आणि पदर खोचला. "अगंबाई! ही बाईंना दाखवणार होती?"

"बिचारी महिनाभर नीट झोपली नाही. आणि बापाला सांगायची लाज वाटली असणार. म्हणूनच दोनदा म्हणाली, फक्त इस्त्री, फक्त इस्त्री! आवाज ऐकलास ना तिचा?"

"ऐकला ना. रडवेलाच होता," बायको म्हणाली. आता तिला तो तसाच आठवायला लागला.

झालं! दोघं कामाला लागले. मास्तरांनी बाह्या उसवल्या आणि ज्याच्या त्याच्या जागी लावल्या. एक जाकीट अख्खं काळं, एक अख्खं पांढरं. गुडघ्यांना असं रफू केलं की फाटलं होतं म्हणून शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटू नये. खिसे सरळ केले, लोंबते दोरे कापले, शिवणी आत घेतल्या. तिकडे मोरीत हुडी धोपटली जात होती. दुपारपर्यंत दोरीवर इतके शहाणे कपडे लटकत होते की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. चिंगी बाईंना घेऊन आत आली ती बोलतच. "मॅडम, मला सगळं मोडून शिवायचं होतं. दोन बाह्या एकसारख्या का असाव्यात? कपडा कसा, वापरलेला, जगलेला दिसला पाहिजे! हे बघा..."

तिनं पडदा सरकवला आणि हात पडद्यावरच राहिला.

बाईंनी एकेक कपडा हातात घेतला. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण शाळेचे गणवेश आम्ही ठेवत नाही."

"बाबा," चिंगी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

"इस्त्री," मास्तर म्हणाले. मग त्यांच्याच्यानं राहवेना. "आणि जरा... दुरुस्ती."

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जाऊन स्वतःच्या मशीनवर बसली आणि तिनं त्यावर झाकण घातलं. मास्तरांना कळलं, आपण लेकीचं काम नाही सुधारलं, तिला कारखान्यात धाडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कात्री खाली ठेवली.

बाईंनी पर्स उचलली, वळल्या आणि थबकल्या. त्या मास्तरांकडे बघत होत्या. म्हणजे मास्तरांकडे नाही, मास्तरांच्या पोटाकडे.

"हा शर्ट कुणी केला?"

"हा?" मास्तर घाबरले. "हा घालायचा नाही हो, हा कामाचा!"

"ही एक काळी बाही! हे डाग! ह्या दशा!" बाई त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालायला लागल्या. "मुली, तू गाडीत सांगत होतीस ते हेच ना?"

चिंगीनं मान वर केली. बापाकडे असं बघितलं, जसं काही आजच ओळख होतेय. "हो," ती म्हणाली. "हेच!"

"उद्या हा शर्ट नमुना म्हणून दुकानात आणा. आमच्या माणसांना दाखवते. त्यांनाही आवडला की काम तुमचं!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सदरा मोठ्या अदबीनं काढला, खुंटीला लावला आणि बनियनवरच बाईंना गाडीपर्यंत सोडून आले. मग बापलेक सदरा न्यायला कागदी पिशवी आणायला बाजारात गेले, वाटेत दोनदा चहा प्यायले. चिंगीनं कारखान्याचं नावही काढलं नाही.

परत आले तर खुंटी रिकामी.

"अगं, सदरा?"

बायको मोरीतून हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा समाधानानं उजळला होता. "परक्या बाईसमोर तो मळका सदरा! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेवटी घेतलाच धुवायला. चांगला उकळला, नीळ दिली. आणि ती काळी बाही उसवून पांढरी लावली. तुमच्याकडे बघूनच शिकले हो मी!"

दोरीवर सदरा वाऱ्यानं हलत होता. बगळ्यासारखा पांढरा.

 चिंगीनं एकदा सदऱ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. मग डोळे पुसत तिनं आपल्या मशीनवरचं झाकण काढलं, तेलाची कुपी उचलली आणि बापाच्या हातात दिली.

"चला बाबा. आता घाण करा."

मास्तरांनी आधी बायकोला तिच्या बहिणीकडे पाठवून दिलं. दाराला कडी घातली. काळी बाही परत लावली, सदरा टेबलावर पसरला, कुपी तिरकी धरली आणि तशीच धरून राहिले. हात पुढे जाईना. शेवटी कुपी बाजूला ठेवली, कानामागचा खडू काढला, गळ्यातली टेप सदऱ्यावर लावली आणि लेकीला विचारलं,

"डाग बटणापासून किती इंचावर घेऊ?"