हसुरामदादांचा कडू घास

हसुरामदादांच्या शेजारी एसटीत बसायचं असेल तर चेहरा हसरा ठेवावा लागतो. जरा कुठं कपाळाला आठी पडली, की दादा तुमच्या गुडघ्यावर हात ठेवणार, मान तिरकी करणार आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "कोन गेला?"

कुणी गेलेलं नसतं. तुमचं ऑफिसात वाजलेलं असतं, नाहीतर सकाळपासून पोट साफ नसतं. पण दादांना ते पटत नाही. दुःखातला माणूस आधी नाहीच म्हणतो, असं त्यांचं ठाम मत आहे. मग ते मांडीवरच्या पिशवीतून डबा काढतात, तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडतात, त्यावर पिठलं ठेवतात आणि तुमच्या तोंडासमोर धरतात. "खा. रडाला पन बल लागतं."

मी अलिबागला नोकरी करतो आणि पेणला राहतो. दादांची खोली माझ्या खोलीला लागून. भिंत इतकी पातळ, की त्यांनी बेसन कालवायला घेतलं की आमच्याकडं वास येतो आणि आमची ही खिडकी लावून घेते. त्या पिठल्याला फोडणी नसते. मीठ जवळजवळ नसतंच. ज्या माणसाचं उभं आयुष्य मिठागरात गेलं, त्यानं पिठल्यात मीठ घालताना इतका हात आखडावा हे मला कधी कळलं नाही. मी एकदा चव घेतली होती, ती एकदा पुरे आहे. दादांना चव विचारायची सोय नव्हती, कारण ते स्वतः त्या डब्याला तोंड लावत नसत. ते खानावळीत जेवायचे.

आमच्याकडं कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि समोर बसून घरच्यांना खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो मागायचा नसतो, आणि आपला आपण करून खायचाही नसतो. दुसऱ्या कुणीतरी आणून द्यावा लागतो. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो घास आधीच करून, डब्यात भरून, गिऱ्हाईक शोधत एसटीनं फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आठवड्यातून एकदा दादा अलिबागला जात. निमित्त रक्तदाबाच्या गोळ्यांचं. त्या गोळ्या पेणला आमच्या कोपऱ्यावरच मिळतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. दादा म्हणाले, मोठा दवाखाना तिकडं हाय, रिकाम्या हातानं परतणारी मानसं तिकडचीच गाडी धरतात.

बरं, ओळखण्यात तरी हुशारी असावी. तीही नाही. एकदा एक गृहस्थ गालाला रुमाल लावून बसले होते. दाढ काढून आले होते, तोंड उघडता येत नव्हतं. दादांनी विचारलं, त्यांनी जोरजोरात मान हलवली. एवढ्या दुःखानं वाचा बसली, असं समजून दादांनी अख्खी भाकरी त्यांच्या मांडीवर ठेवली. एकदा तर एक नवी नवरी माहेर सोडून निघाली होती आणि खिडकीशी मुसमुसत होती. दादांनी तिलाही विचारलं. तिची सासू पुढच्याच बाकावर होती. अंगावरची हळद उतरली नाही तर सुनेला कोण गेला विचारतो, म्हणून ती बाई जी उठली, ती कंडक्टरनं दादांना ड्रायव्हरमागच्या बाकावर हलवलं तेव्हाच बसली. तिथं बसून दादांनी ड्रायव्हरचा चेहरा न्याहाळायला सुरुवात केली. मी मात्र वडखळपर्यंत आपली ओळख नसल्यासारखा बाहेर बघत होतो.

त्यांच्याबद्दल चाळीत एवढंच ठाऊक होतं, की ते खाडीकाठच्या एका गावचे. तिथं ते एका घरच्या लग्नात जेवले. ते घर गावानं वाळीत टाकलेलं होतं, म्हणून मग गावानं दादांनाही वाळीत टाकलं. वाण्यानं सामान देणं बंद केलं, कुणी दारात उभं राहिना. ज्यांच्या लग्नात जेवले ते मुंबईला निघून गेले आणि दादा-वहिनी दोघंच राहिले. याविरुद्ध कायदा आहे म्हणतात. तो तालुक्याच्या गावापर्यंत आला असेल, खाडीपलीकडं गेला नाही. पुढं वहिनी गेल्या आणि दादा पेणला आले. मूलबाळ नव्हतं. आम्ही त्यांना विक्षिप्त ठरवून मोकळे झालो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारच्या गाडीनं मी आणि दादा अलिबागहून परतत होतो. गाडी भट्टीसारखी तापलेली. आमच्या पुढच्या बाकावर एक तरुण कातकरी जोडपं होतं. वीटभट्टीवरचं असावं, दोघांच्या पायांवर लाल माती होती. बाईच्या मांडीवर लुगड्यात घट्ट गुंडाळलेलं मूल. नवरा सरळ समोर बघत होता.

त्यांच्या शेजारी एक भल्या घरची बाई बसली होती. तिला राहवेना. "अगं, तोंड तरी उघडं कर त्याचं. गुदमरेल ना एवढ्या उकाड्यात." आईनं मूल आणखी जवळ ओढलं. त्या बाईला आता शंका यायला लागली. मूल हलत कसं नाही, आजारी आहे का, असं विचारत तिनं लुगड्याला हात घातला. दोन-चार माना वळल्या. कंडक्टरही मागून पुढं यायला लागला.

आणि दादा उठले. आता हे भर गाडीत "कोन गेला" विचारणार, म्हणून मी लाजेनं डोळे मिटून घेतले.

"हात लावू नका बाय," दादा म्हणाले. "नातू हाय माझा. रातभर तापान निजला नाय, आत्ता कुठं डोला लागलाय."

मी डोळे उघडले. दादांनी वाकून ते मूल उचललं होतं. आई बघत राहिली आणि तिनं ते सोडलं. दादा माझ्याशेजारी बसले, मूल खांद्याशी धरलं आणि थोपटायला लागले. कंडक्टरनं काय भानगड विचारली, तर त्याच्यावरच खेकसले, की हळू बोल, उठलं तर तू झोपवणार हायस काय. कंडक्टर त्यांना ओळखत होता. कपाळाला हात लावून मागं गेला.

कार्लेखिंडीच्या वळणावर गाडी कलली आणि लुगड्यातून एक इवलंसं पाऊल निसटून माझ्या मनगटाला लागलं. ते गार होतं. त्या तापलेल्या गाडीत ते पाऊल गार होतं. मी दादांकडं पाहिलं. त्यांनी नजरेनंच मला गप्प बसवलं, पाऊल आत सारलं आणि पोयनाड मागं पडेपर्यंत ते थोपटत राहिले. मधूनमधून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "नीज रं, नीज" म्हणत होते. ज्याला त्याला मयत विचारणारा हा माणूस, आणि खऱ्या मयताच्या वेळी तेवढंच लपवत होता.

पुढच्या एका फाट्यावर जोडपं उतरलं. दादा मूल घेऊन उतरले. मीही उतरलो. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मग नवऱ्यानं तुटक तुटक सांगितलं. मूल सकाळी दवाखान्यात गेलं. त्यांनी दवाखान्याची गाडी मागितली नव्हती. मागता येते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एसटीत कळलं असतं तर उतरवतील, मग वाडीपर्यंत कसं न्यायचं, एवढीच त्याला धास्ती होती. आता पोचवायचं म्हणून तो चालायला लागला.

"आधी घास," दादा म्हणाले.

माती देण्याआधी खात नाहीत, हे त्या पोरालाही ठाऊक होतं. दादा म्हणाले, असू दे, वाडीवर कोणी देईल न देईल. त्यांनी मूल माझ्या हातात दिलं आणि डबा उघडला. मी ते ओझं छातीशी धरून उभा राहिलो. त्याला वजन असं नव्हतंच. दादांनी आधी आईला भरवलं, मग बापाला. बापानं तोंड फिरवलं, पण दादांनी हात मागं घेतला नाही. शेवटी त्यानं खाल्लं आणि खाता खाता तो मोठ्यानं रडायला लागला. सकाळपासून तो रडलाच नसावा.

आई मात्र दादांकडं बघत होती. घास गिळून तिनं विचारलं, "बाबा, तुमचं कोन गेलं?"

दादांचा हात डब्यातच राहिला. इतकी वर्षं ते सगळ्यांना हा प्रश्न विचारत होते, आणि त्यांना तो कुणी विचारला नव्हता. आम्ही भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांनीही नाही.

"बायको," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. वहिनी अलिबागच्या दवाखान्यात वारल्या. त्यांना घरी नेत होते, तेव्हा वडखळला ॲम्ब्युलन्स वाहनांच्या रांगेत अडकली. ड्रायव्हर खाली उतरला होता. दादा आत एकटे, वहिनींच्या पायाशी. शेजारी एक एसटी अडकली होती. तिच्यातल्या एका बाईनं खिडकीतून आत पाहिलं. ती आपल्या भावाच्या घरी घास घेऊन निघाली होती. उतरून आली, एकटेच काय, म्हणून विचारलं. गावात घास देणारं कोणी आहे का, तेही विचारलं. दादांनी नाही म्हटलं. तिनं तिथंच डबा उघडला आणि भावासाठी केलेलं सगळं दादांना भरवलं. रांग हलली तशी ती पळत आपल्या गाडीत गेली. नाव विचारायचं राहिलं. गावात कुणी खांदा द्यायला आलं नाही. ॲम्ब्युलन्स थेट स्मशानात न्यावी लागली, आणि ड्रायव्हरनं हात लावला म्हणून वहिनी चितेवर चढल्या.

"घरी कोन आला नाय," दादा म्हणाले. "पन तिचा घास पोटात व्हता, म्हनून रडता तरी आला. ती भावाकडं रिकामी गेली ना. तिला कुठं शोधू? म्हनून डबा घेऊन फिरतो."

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि दादांच्या तोंडासमोर धरला. दादा मागं सरले. ती हात धरूनच राहिली, मघाशी दादा राहिले होते तशीच.

दादांनी तोंड उघडलं. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी हाय."

"आसू दे बाबा," ती म्हणाली. "खा."

दादा मान खाली घालून खात राहिले. ती त्यांना भरवत राहिली आणि तिचं मूल माझ्या हातात होतं.