बिगोनियाचं पान

गणपतीला दोन दिवस राहिले की नौपाड्यातल्या ‘वसुंधरा’ सोसायटीत पत्री गोळा करणाऱ्यांची झुंबड उडायची आणि गुरुदत्त बाल्कनीत येरझाऱ्या घालू लागायचा. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत त्याने लाल-चंदेरी पानांचा बिगोनिया पोटच्या पोरासारखा वाढवला होता. गेल्या वर्षी सगळ्यांनी ‘फक्त एकच’ पान नेलं आणि मागे नुसता दांडा उरला. यंदा त्याने बाल्कनीच्या दारात पाटीच लावली : ‘झाडांवर जहाल औषध मारले आहे.’

पहिली आली वरच्या मजल्यावरची मैथिली. “काका, एक पान घेऊ ना?”

“घे की. फक्त हात साबणाने धू, आणि डोळ्यांना लावू नकोस.”

मैथिली आल्या पावली परतली. गुरुदत्त खूश झाला. पण औषधाची बातमी घेऊन ती थेट तळमजल्यावर गेली, आणि अर्ध्या तासात हेमाकाकू वर आल्या.

“अरे गुरुदत्त, तुझ्या बाल्कनीचं पाणी माझ्या अळूवर पडतं! आता काय नैवेद्याला विष वाढू?”

चतुर्थीला काकू अख्ख्या सोसायटीला अळूचं फदफदं वाटायच्या. यंदा वाट्या रिकाम्या राहणार हे कळताच जिन्यात लोक गुरुदत्तकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहू लागले. खरं सांगावं तर लबाडी उघडी पडणार, न सांगावं तर फदफदं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर!

चतुर्थीच्या दुपारी त्याला राहवेना. काळजावर दगड ठेवून त्याने बिगोनियाचं सगळ्यांत मोठं पान कापलं आणि काकूंचं दार वाजवलं.

“काकू, चुकलो. औषध वगैरे काही मारलेलं नाही. हे पान तुमच्या गणपतीला.”

“हळू बोल, आत ये!” काकूंनी त्याला ओढून दार लावलं. “तुझ्या सुमतीने परवाच सांगितलं मला. दरवर्षी वाटता वाटता माझ्या पानात चमचाभर उरतं. यंदा पातेलंभर आहे.”

स्वयंपाकघरात त्याची बायको सुमती फदफद्याची दुसरी वाटी संपवत होती. “बसा,” ती म्हणाली, “आणि भुरके मारू नका, जिन्यात ऐकू जातं.”

काकूंनी पान गणपतीपुढे ठेवलं आणि मान तिरकी करून बघितलं.

“अगंबाई, काय शोभतंय! गुरुदत्त, आमचा पाच दिवसांचा आहे हं. रोज एक आणत जा.”