मिक्केलीला जाऊन आलेले नेनेकाका

ब्रिस्बेनच्या भर उन्हाळ्यात घरात लोकरीचे मोजे घालून हिंडणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमचे घरमालक, नेनेकाका.

"मिक्केलीत घरात बूट चालत नाहीत. मोजे लागतात," ते सांगतात. बूट आमच्या सांगलीकडेही घरात चालत नाहीत, पण हे त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

मिक्केली म्हणजे फिनलंडमधलं तळ्याकाठचं एक शांत, लहानसं शहर. काका तिथे एकदाच गेले, तेही आठवडाभर. पण बोलणं असं, की जणू तिथेच हयात गेली. आम्ही राहतो त्या स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरातल्या तळ्याला ते तळं म्हणायलाच तयार नाहीत. "ही टाकी रे! बिल्डरने खणलेली. तिकडे तळं संपलं वाटतं, तोवर झाडांमागे दुसरं सुरू!"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. इथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आलो तेव्हा कुणाशी किती बोलावं हेच कळेना. काकांना ही अडचण कधी आलीच नाही. इथे कुणी सहज "हाऊ यू गोइंग, मेट?" म्हटलं, की ते खरंच सांगायला लागतात. गुडघ्यापासून.

मिक्केलीत मात्र त्यांची पंचाईत झाली. बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून इतकी लांब उभी, की काकांना वाटलं भांडण झालंय. "मी मधे पडलो रे, मिटवायला!"

मग सौना. ती लाकडी, तापवलेली खोली असते. तापल्या दगडांवर थोडंथोडं पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. जावई युहा त्यांना तिथे बसवून लाकडं आणायला गेला.

"समोर बादली, तिच्यात पाणी, वर डाव. माणूस काय करेल? हर गंगे म्हटलं आणि घेतलं अंगावर!"

युहा आला. रिकामी बादली पाहिली आणि न बोलता भरून आणली. काकांनी तीही अंगावर घेतली. दुसऱ्या दिवशी युहाने दोन बादल्या ठेवल्या. एक दगडांना, एक सासऱ्यांना.

"हसला नाही रे. एका शब्दाने बोलला नाही," काका म्हणतात, आणि इथे स्वतःही गप्प होतात.

कारण याच युहाशी लग्न करते म्हणून ते आपल्या लेकीच्या, अनुजाच्या लग्नाला गेले नव्हते. पुढे काकू वारल्या. त्यानंतर काका मिक्केलीला गेले ते माफी मागायला. आठवडाभर सगळं बोलले, तेवढं सोडून.

गेल्या रविवारी अनुजा आणि युहा पहिल्यांदाच इकडे आली. त्याआधी काकांनी किचनमध्ये माझ्यावर सराव केला.

"तू अनू. बस. मी म्हणतो, अनू, माझं चुकलं. आता तू काय म्हणशील?"

"काका, मला कसं माहीत?"

"मग युनीत शिकवतात तरी काय तुला!"

जेवताना काकांचं तोंड सुटलं ते थांबेना. कचऱ्याचे डबे, पाण्याचा दाब, छपरावर येणारे पांढरे पोपट. ताक पिऊन झालं. पोट तुडुंब भरलं म्हणून त्यांनी ताट सरकवलं, आणि एकदम म्हणाले, "अनू, तुझ्या लग्नाला मी यायला हवं होतं."

सराव केलेलं वाक्य ते नव्हतंच.

अनुजाने मान खाली घातली. युहाला मराठी येत नाही, पण त्याने हातातला चमचा अलगद खाली ठेवला. मला उठून जावंसं वाटलं, पण उठवेना. काका लेकीच्या तोंडाकडे बघत होते. इतका घाबरलेला म्हातारा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

मग अनुजाने भाताचं पातेलं जवळ ओढलं.

"बाबा, थोडा भात घे ना," ती म्हणाली.

काकांनी सरकवलेलं ताट पुन्हा पुढे घेतलं. ती वाढत गेली, आणि काकांनी हात आडवा केला नाही.