दुसरा पंच

बाजारातल्या पोलीस चौकीला त्या दुपारी कुलूप होतं. मी स्वतः पाहिलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि ज्यांच्या कामी हे आलं असतं ते गायकर हवालदार माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. जिन्यात त्यांची काठी वाजली की मी टीव्हीचा आवाज कमी करतो.

गायकरकाका दोन पंचांशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. पंचनाम्याला दोन माणसं साक्षीला लागतात. नोकरीतली ही सवय ते निवृत्त होताना घरी घेऊन आले. काकू होत्या तेव्हा त्या एखाद्या दिवशी म्हणायच्या, भाजीत मीठ कमी पडलंय. लगेच वरून मला हाक यायची, "दिलीप, चमचाभर खाऊन जा रे. पंच पाहिजे." वॉचमननं पाणी आलं म्हणून सांगितलं तर त्याला ते विचारत, अजून कोणी पाहिलं? तोवर पाणी जायचं.

त्यांचा मोठा उद्योग म्हणजे अंबरनाथच्या पोलिसांचा इतिहास. पत्र्याची चौकी, दोन शिपाई आणि दोघांत एक सायकल, तिथपासून आजच्या कॅमेऱ्यांपर्यंत. हा इतिहास त्यांनी जुन्या कागदांतून काढला नाही. "कागद आम्हीच लिहायचो, म्हणून तर भरवसा नाय," असं ते सरळ सांगतात. प्रत्येक गोष्टीला दोन जिवंत माणसं हवीत. पहिली पोलीस जीप निळी होती की खाकी, यासाठी ते कॅम्पात, उल्हासनगरला, एका म्हाताऱ्या सिंधी कापडवाल्याकडे तीन खेपा घालून आले. शेटजी शेवटी वैतागून म्हणाले, "हवालदार साब, गाडी नीली थी. पर दूसरा पंच कहाँ से लाऊँ? सब तो मर गए." तेव्हापासून काका सांगतात, जीप होती, रंगाला पंच नाही.

पंच मरतात, ही त्यांची कायमची धास्ती. मयताला गेले की घरच्यांचं सांत्वन करता करता पुटपुटतात, याच्याबरोबर मटका धाडीचं प्रकरण गेलं. लोक हसू दाबतात. मला हसू येत नाही. त्यांच्या ओळखीचं कोणी गेलं की माझ्या मनात येतं, आता बाजारच्या त्या दुपारचे किती उरले?

ती दुपार अशी. बाजारात गादीवाल्याच्या दुकानाला आग लागली. काका चौकीत एकटे होते. त्यांनी दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, धावत निघाले, परत आले, पुन्हा ओढून पाहिलं आणि मग आगीकडे पळाले. आतून तीन माणसं बाहेर काढली. परत येऊन बघतात तर चौकी उघडी आणि बिनतारी संच गायब. चोरानं दुसरी किल्ली लावून कुलूप काढलं असणार आणि तेही बरोबर नेलं. कडी मात्र शाबूत. साहेबांनी निष्कर्ष काढला, कुलूप लावलंच नव्हतं. काका म्हणाले, लावलं होतं. साहेब म्हणाले, कोणी पाहिलं?

मी पाहिलं होतं. समोरच्या रसवंतीत उसाचा रस पीत बसलो होतो. पण कंपनीत मी आजी वारली म्हणून रजा टाकली होती आणि खरं तर सिनेमाला निघालो होतो. त्याच महिन्यात मला कायम करणार होते. साक्षीला गेलो असतो तर आजी जिवंत झाली असती आणि नोकरी मेली असती. मी रस संपवला आणि घरी गेलो. मी कायम झालो. काकांची बढती अडली ती अडलीच. सहायक फौजदार व्हायचा माणूस हवालदार म्हणूनच घरी बसला.

गेल्या आठवड्यात एक तरुण फौजदार मॅडम आल्या. नव्या इमारतीच्या भिंतीवर गावच्या पोलिसांचा इतिहास लावायचा आहे, तुम्ही सांगा, म्हणाल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि अलीकडच्या गोष्टींना पंच म्हणून मला खाली येऊन घेऊन गेले. सुटका नव्हती. मॅडमनी फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. काका रंगात आले. सायकल झाली, जीप झाली, रंग वगळला. मग गादीवाल्याची आग आली.

"तीन माणसं काढली. त्यातली दोन अजून हायत, विचारून घ्या," काका म्हणाले. "चौकीचं सोडा."

"चौकीचं काय, काका?"

"त्याला एकच पंच हाय. मीच. ते धरत नाय."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. त्या गेल्यावर मी उठलो, तर काका म्हणाले, बस, चहा टाकतो. काकू गेल्यापासून त्यांच्याकडे कपबशीचा आवाज फारसा येत नाही. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे सांगायलासुद्धा घरात कोणी नाही. गाळणं शोधता शोधता, माझ्याकडे पाठ करूनच ते बोलले.

"तू व्हतास ना रे, रसवंतीत?"

तुम्हाला माहीत होतं? मी विचारलं.

"पोलीस व्हतो मी. समोरचा माणूस दिसनार नाय? तुझं नाव द्यायला निघालोच व्हतो. तर तुझी आजी भेटली बाजारात, भेंडी निवडत. माझ्याच आईबरोबर आलेली. तुझ्या कंपनीतला एकजण आदल्याच दिवशी मला बोललेला, दिलीपची आजी गेली." ते हसले. "म्हटलं, पोराची नोकरी नको घालवायला. माझी तर काय जात नव्हती."

"एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"पंचाला ओढून आणायचा नसतो. साखर किती घालू?"

मी दोन चमचे म्हणालो.

मजकूर सोमवारी छापायला जाणार आहे. मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. दोनदा लावला आणि पलीकडे वाजायच्या आत कापला. ती कंपनी कधीच बंद पडली, आजी खरोखरच गेली, मला काढून टाकायला आता कोणी उरलेलं नाही. भीती आहे ती एकाच प्रश्नाची, इतकी वर्षं का गप्प बसलात. गायकरकाकांना मी एक साक्ष देणं लागतो. ती अजून दिलेली नाही.